बिल्डिंगमध्ये कुणाबद्दल काही उठलं तर काय करायचं

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये एक प्रकार झाला, त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतेय, कारण असं कुठल्याही सोसायटीत होऊ शकतं आणि त्या वेळी नेमकं काय करायचं ते सुचत नाही, मलाही सुचलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई पोळी-भाजीचे डबे करायच्या, मिस्टर गेलेले, मुलगी दहावीला. ग्रुपवर एकाने टाकलं की तिसऱ्या मजल्यावर रात्री बाराला पोरं येतात, सगळ्यांनी लक्ष असू द्या. एवढंच. आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, पोरं येतच होती, अंबड एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट सुटली की डबा न्यायला. पण पंधरा दिवसांत त्या एका वाक्याचं काय काय झालं विचारू नका, चार घरांनी डबे बंद केले, मुलीला क्लासमध्ये मैत्रिणी विचारायला लागल्या, आणि मी तो मेसेज माझ्या नणंदेला पुढे ढकलला होता, वर एक शब्दही न लिहिता.

तर पहिलं काम म्हणजे मेसेज जिथे आला तिथेच थांबवायचा आणि ज्याने टाकला त्याला फोन करायचा. ग्रुपवर वाद घालायचा नाही, तिथे माणूस हट्टाला पेटतो. फोनवर साधं विचारायचं, 'दादा, तुम्ही स्वतः पाहिलं का? काय पाहिलं? किती वाजता?' मग एका कागदावर दोन रकाने करा, एकात पाहिलेलं, दुसऱ्यात 'म्हणे' लागलेलं सगळं. आमच्या केसमध्ये पाहिलेल्याच्या रकान्यात फक्त 'दोन मुलं जिन्याने वर गेली, पाच मिनिटांत खाली आली' एवढंच राहिलं. बाकी सगळं 'म्हणे'त.

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको खरं तर. गंगापूर रोडने जाताना आनंदवली लागते, ती राघोबादादांच्या आनंदीबाईंच्या नावाची. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि चिठ्ठीतल्या 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, 'ध चा मा' हा वाक्प्रचारच झालाय. पण ती खाडाखोड केलेली चिठ्ठी कुणी समोर ठेवू शकलेलं नाही. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांना. आता आनंदीबाई निर्दोष होत्या असं मी म्हणत नाही, ते इतिहासवाल्यांनी ठरवावं, पण अडीचशे वर्षं एका बाईचं नाव ज्या कागदावरून घेतलं जातं तो कागद 'म्हणे'च्या रकान्यात आहे हे मला फार लागतं.

दुसरं उदाहरण पंचवटीतलंच. सीतागुंफेपाशी कुणालाही विचारा, सीतेला वनात का पाठवलं, तर उत्तर येतं की धोबी बोलला म्हणून. वाल्मीकींच्या उत्तरकांडात धोबी नाहीच. तिथे भद्र नावाचा माणूस रामाला सांगतो की चौकात, बाजारात लोक असं असं बोलतायत, म्हणजे बोलणारे सगळेच होते, धोबी नंतरच्या कथांमध्ये आला. निंदा केली सगळ्या गावाने आणि नाव राहिलं एका कष्टकरी जातीचं. म्हणून 'कोण बोललं' शोधताना पण सांभाळा, सोसायटीत अशा वेळी बोट पटकन वॉचमनकडे नाहीतर कामवाल्या मावशींकडे जातं. आमच्याकडेही 'मावशींनी सांगितलं' असंच आधी म्हणत होते, प्रत्यक्षात मावशी त्या मजल्यावर कामालाच नव्हत्या.

आता ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांच्याकडे जायचं. हे सगळ्यात अवघड आहे आणि बहुतेक जण हेच टाळतात. चौकशी करायला आल्यासारखं जाऊ नका, 'खरं काय ते सांगा' म्हणू नका, खुलासा देणं हे त्यांचं काम नाही. मी गेले तेव्हा एवढंच म्हणाले, 'ताई, ग्रुपवर जे आलं ते मीपण पुढे पाठवलं, माझं चुकलं, आता मी काय करू ते सांगा.' त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, माझ्या मुलीसमोर बोला. मुलीसमोर पुन्हा सांगितलं.

मग दुरुस्ती. जिथे डाग लागला तिथेच पुसायचा, ग्रुपवर लागला असेल तर ग्रुपवरच, पर्सनलमध्ये सॉरी म्हणून भागत नाही. मेसेज छोटा ठेवा आणि आधी त्या माणसाला वाचून दाखवा. मी असा टाकला, 'तिसऱ्या मजल्यावर रात्री येणारी मुलं शिफ्टनंतर डबा न्यायला येतात. मी न विचारता मेसेज पुढे पाठवला, त्याबद्दल ताईंची माफी मागते. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी हाही पाठवावा.' 'गैरसमज झाला असल्यास क्षमस्व' असलं लिहू नका, गैरसमज आपोआप होत नाही, आपण करतो.

इथे एक गोष्ट नीट वेगळी ठेवायची. एखादी मुलगी किंवा सून स्वतः सांगत असेल की मला अमक्याने त्रास दिला, तर ती आवई नाही. कुणी पाहिलं, याचं उत्तर तिथे समोर उभं आहे. तेव्हा 'घराण्याची अब्रू जाईल, गप्प बस' म्हणणारे आपणच असतो आणि ते पाप जास्त मोठं आहे. सोबत जा, महिलांसाठी १८१ आहे, तातडीला ११२, मुलांसाठी १०९८. लहान मूल असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे, तिथे सोसायटीची मीटिंग बोलवत बसायचं नाही.

आणि बाहेरचा माणूस असेल तर दुप्पट काळजी घ्या. आपल्यात म्हणतात, एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. कानफाटे म्हणजे कान फाडून कुंडलं घालणारे नाथपंथी, ज्यांच्या परंपरेतल्या निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला आहे, तिथे आपण हात जोडतो. आणि १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारून टाकलं, भिक्षा मागायला आलेली माणसं होती. त्याआधी मोबाइलवर तसे मेसेज फिरत होते. मालेगावातही त्याच सुमारास एका कुटुंबाला पोलिसांनी जमावातून सोडवलं. तेव्हा अनोळखी माणूस दिसला की फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, शंका असेल तर ११२ लावायचा, बस.

स्वतःवर वेळ आली तर रागात ग्रुप सोडू नका, आधी तारीख, वेळ आणि नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण कोर्टाची वाट लांबची असते, आधी समोरच्याकडून लेखी माफी मिळते का बघा. जातीने किंवा पंचायतीने वाळीत टाकलं तर मात्र थांबू नका, सरळ पोलीस स्टेशनला जा, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आपल्याच राज्याचा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

राहिलं एक काम, किचकट आहे पण करा. आपण ज्यांना पाठवलं, त्यांनी पुढे कुणाला पाठवलं ते विचारत जायचं. माझ्या नणंदेने सिन्नरला दोघींना सांगितलं होतं, त्यातल्या एकीचा नंबर मागून घेतला, ओळख ना पाळख, तरी फोन केला. आणि त्या आठवड्यापासून आमचा डबा मी स्वतः आणायला लागले, सकाळी साडेदहाला, जिन्यात लोक ये-जा करत असतात तेव्हाच.