वाळ्याचं सरबत करताय? आधी या चुका टाळा

एप्रिल उजाडला की माझा फोन सुरू होतो. ‘ताई, सरबत आंबलं.’ ‘ताई, तळाशी खडीसाखर झाली.’ ‘ताई, हिरवा रंगच आला नाही.’ दरवर्षी माणसं नवी, चुका त्याच.

सगळ्यात महागात पडते ती वाटीनं माप घ्यायची सवय. ‘वाटीभर साखर, वाटीभर पाणी’ ऐकायला छान. पण वाटीभर साखर वजनात वाटीभर पाण्यापेक्षा कमीच भरते. म्हणजे पाकात निम्मीसुद्धा साखर नाही. असला पातळ पाक बाहेर ठेवला की आंबणारच. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. भाच्याच्या मुंजीला मी सहा बाटल्या केल्या होत्या. घाईघाईत, वाटीनं मापून, वर पाक गरम असतानाच झाकणं घट्ट लावून. वाफेचं पाणी झाकणाला जमलं, पाकावर ठिबकलं, वरचा थर आणखी पातळ झाला. मे महिना, बाटल्या आठवडाभर ओट्यावर. मुंजीच्या सकाळी पहिली उघडली तर फस्स! झाकण उडून फळीवर आणि मुंजीच्या घरात ताडीचा वास! सहाही मोरीत ओतल्या आणि पाहुण्यांसाठी लिंबं पिळत बसले.

तेव्हापासून वजनकाटा काढल्याशिवाय साखरेचा डबा उघडत नाही. एक किलो साखरेला अर्धा लिटर वाळ्याचं पाणी, बस. ‘साखर कमी घातली तर चालेल का?’ चालेल, पण मग बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. पाक पूर्ण गार झाल्यावरच उन्हात खडखडीत वाळवलेल्या बाटलीत भरते.

दुसरं दुखणं, वाळा उकळणं. रात्रभर थांबायचा धीर नसतो, मग मुळं टाकतात पाण्यात आणि खळखळ उकळतात. हाती येतो मातकट काढा. वाळा मुळात मातीतला. मी मोठ्या पातेल्यात चार-पाच पाण्यांनी चोळून धुते, तरी पहिलं पाणी चहासारखं निघतं. मग ५० ग्रॅम वाळा पाऊण लिटर पाण्यात रात्रभर. सकाळी दुपदरी मलमलीतून गाळायचं. मुळं पाणी पितात, म्हणून अर्धा लिटर मापून घ्या. त्यात साखर घालून मंद आचेवर विरघळवायची आणि कडेनं बुडबुडे आले की गॅस बंद.

एकतारी पाक करू नका. हे गुलाबजाम नव्हेत. तळाशी खडे होतात ते त्यामुळेच. किलोला अर्धा छोटा चमचा लिंबूसत्त्व पाक गरम असतानाच घातलं तर साखर पुन्हा जमत नाही.

रंगाचं म्हणाल तर घरचं सरबत फिकट पिवळसरच होतं. दुकानातला तो पोपटी रंग रंगाच्या बाटलीतला असतो, वाळ्याचा नव्हे.

कूलरच्या जाळीतला वाळा वापरू नका. हो, हे विचारलं गेलंय.

पुदिन्याचा पाक करणाऱ्यांसाठी एवढंच: पानं गॅस बंद केल्यावर घाला, पंधरा मिनिटांनी काढा. उकळलीत तर काळी पडतात. गवती चहा मात्र खुशाल उकळा.

बाटलीत ओला चमचा घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि गाळलेली मुळं फेकू नका. मी उन्हात वाळवून दोऱ्यानं जुडी बांधते आणि माठात सोडते. आणखी दोन-तीन दिवस पाण्याला वास राहतो.