इंग्रजी शब्दांच्या जाती ओळखताना या चुका टाळा

इंग्रजी वाक्यातील शब्दांच्या जाती ओळखताना होणाऱ्या बहुतेक चुका वाक्य न वाचता केवळ शब्द पाहून उत्तर दिल्यामुळे होतात. ‘वॉटर’ म्हणजे पाणी, म्हणून ते नाम, असे पाठ केलेला विद्यार्थी ‘वॉटर द प्लान्ट्स’ या वाक्यात अडखळतो, कारण तेथे तोच शब्द आज्ञार्थी क्रियापद आहे. ‘राउंड’ हा शब्द तर वाक्यानुसार नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण किंवा शब्दयोगी अव्यय यांपैकी काहीही असू शकतो. शब्दाची जात त्याच्या वाक्यातील कार्यावरून ठरते. वाक्याबाहेर विचारलेला असा प्रश्नच मुळात अपुरा असतो.

मराठी भाषकांकडून हमखास होणारी चूक म्हणजे मराठी अर्थातील शब्दाची जात इंग्रजी शब्दाला लावणे. ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणजे ‘मला भीती वाटते’ आणि ‘भीती’ हे नाम, म्हणून ‘अफ्रेड’ हेही नाम ठरवले जाते. परंतु ‘माय फिअर’ असे म्हणता येते, ‘माय अफ्रेड’ असे म्हणता येत नाही. ‘व्हेरी अफ्रेड’ मात्र चालते. म्हणून ‘अफ्रेड’ हे विशेषण होय.

शेवटी ‘ली’ आले की क्रियाविशेषण, हा नियमही फसवा आहे. ‘फ्रेंडली’, ‘लोनली’, ‘कॉस्टली’ ही विशेषणे आहेत, तर ‘ही वर्क्स हार्ड’ यातील ‘हार्ड’ हे ‘ली’ नसतानाही क्रियाविशेषण आहे. तसेच क्रियापदानंतर आलेला प्रत्येक शब्द क्रियाविशेषण नसतो. ‘द सूप टेस्ट्स गुड’ या वाक्यात ‘टेस्ट्स’च्या जागी ‘इज’ ठेवून पाहावे; वाक्य अर्थपूर्ण राहते, म्हणजेच ‘गुड’ हा शब्द चाखण्याच्या क्रियेबद्दल काही न सांगता सूपचा गुण सांगतो आणि म्हणून तो विशेषण ठरतो.

सर्वाधिक गोंधळ ‘इंग’ने संपणाऱ्या शब्दांचा होतो. ‘ही इज स्विमिंग’ यात तो क्रियापदाचा भाग आहे, ‘स्विमिंग इज गुड एक्सरसाइज’ यात तो वाक्याचा कर्ता असल्याने धातुसाधित नाम आहे. ‘स्लीपिंग चाइल्ड’ आणि ‘स्लीपिंग बॅग’ दिसायला सारखे असले, तरी पहिल्यात मूल स्वतः झोपलेले असते, म्हणून ते धातुसाधित विशेषण. पिशवी मात्र झोपत नाही, ती झोपण्यासाठी असते, म्हणून दुसऱ्यात धातुसाधित नाम मानले जाते. क्रिया कोण करतो, एवढे विचारले तरी येथील बराच गुंता सुटतो.

‘आफ्टर’, ‘बिफोर’ आणि ‘सिन्स’ यांच्या बाबतीत पुढे काय आले आहे ते पाहावे. ‘आफ्टर द मीटिंग’ यात पुढे केवळ नाम आहे, म्हणून ते शब्दयोगी अव्यय. ‘आफ्टर ही लेफ्ट’ यात पुढे कर्ता आणि क्रियापद असलेले उपवाक्य आहे, म्हणून ते उभयान्वयी अव्यय.

‘माय’, ‘युअर’ यांसारख्या शब्दांविषयी व्याकरणकारांमध्येच एकवाक्यता नाही. जुन्या परंपरेत त्यांना विशेषण म्हटले जाते, आधुनिक व्याकरणात ‘डिटरमायनर’ असा वेगळा वर्ग केला जातो. त्यामुळे उत्तरसूचीशी आपले उत्तर जुळले नाही, तर ते लगेच चूक न मानता पाठ्यपुस्तकाने कोणती वर्गवारी स्वीकारली आहे, हे आधी तपासावे.