‘उन्नती’ कोठे लिहावी आणि ‘सुधारणा’ कोठे

नाशिकमध्ये सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) परिसरात मी लोकांना अर्ज लिहून देतो. दिंडोरी तालुक्यातील एका शेतकऱ्याने घरून लिहून आणलेल्या कागदावर ‘आमच्या गावच्या रस्त्याची उन्नती करावी’ असे होते. साहेबांना लिहायचे म्हणून त्यांनी भारदस्त शब्द निवडला होता; पण सरकारी भाषेत ‘उन्नत मार्ग’ म्हणजे खांबांवर उचललेला मार्ग, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

‘उद्’ म्हणजे वर आणि त्याला जोडलेला ‘नम्’ धातू, यांपासून ‘उन्नती’ हा शब्द बनला आहे. म्हणून खालच्या स्थितीतून वर येणे जेथे अभिप्रेत असेल, तेथेच तो शोभतो: समाजाची उन्नती, आत्मोन्नती, पदोन्नती. त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘अवनती’ मनात घालून पाहावा. ‘समाजाची अवनती’ म्हणता येते, ‘हस्ताक्षराची अवनती’ कोणी म्हणत नाही. तेव्हा हस्ताक्षरात, रुग्णाच्या प्रकृतीत किंवा गोदावरीच्या पाण्याच्या गुणवत्तेत सुधारणाच होते.

रस्त्याच्या बाबतीत मात्र तीन शब्द नीट वेगळे ठेवावे लागतात, कारण अर्ज कोणत्या टेबलावर जाईल आणि काय मंजूर होईल, हे त्यांवर अवलंबून असते. खड्डे बुजवायचे असतील तर ‘दुरुस्ती’ लिहावे. मातीचा रस्ता खडीचा किंवा डांबरी करायचा असेल, अथवा रुंद करायचा असेल, तर ‘सुधारणा’ लिहावे. निविदांतही ‘रस्त्याची सुधारणा करणे’ असेच छापलेले असते. ग्रामीण मार्गाला ‘इतर जिल्हा मार्ग’ या वरच्या वर्गाचा दर्जा हवा असेल, तर ती ‘दर्जोन्नती’ होय, आणि तिने केवळ रस्त्याचा वर्ग बदलतो, एकही खड्डा बुजत नाही. (अरबी ‘दर्जा’ला संस्कृत ‘उन्नती’ संधीने जोडणे काहींना खटकते, मला तो शब्द कामाचा वाटतो.)

कायद्यात पुन्हा वेगळी रूढी आहे: बोलताना आपण ‘घटनादुरुस्ती’ म्हणतो, पण राज्याच्या अधिनियमांच्या नावांत कंसात ‘सुधारणा’ असते.

लेखनात ‘उन्नती’तील शेवटचे अक्षर ‘ती’ दीर्घ असावे, समासात हा शब्द आधी आला तर ते ह्रस्व होते, जसे ‘उन्नतिकारक’.

त्या शेतकऱ्याशी बोलल्यावर कळले की रस्ता मुरमाचा असून पावसाळ्यात द्राक्षबागेपर्यंत ट्रॅक्टरही पोहोचत नाही. अर्जात शेवटी लिहिले: ‘सदर रस्त्याची खडीकरण व डांबरीकरण करून सुधारणा करण्यात यावी, ही नम्र विनंती.’