निकाल, कायदा, जीआर : आज लागू काय, हे कसं शोधायचं

‘बैलगाडी शर्यतीवरची बंदी उठली’ अशी बातमी आली की कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी मैदान आखायला घेतात. पण बातमी म्हणजे परवानगी नव्हे. निकाल, कायदा आणि शासनाचा आदेश म्हणजे जीआर हे तिन्ही कागद समोर ठेवल्याशिवाय पैसे गुंतवू नका.

आधी तारखा ओळीने लिहून काढा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. त्या निकालाचा आधार होता प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा. २०१७ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्रापुरती त्याच कायद्यात दुरुस्ती केली. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा, म्हणून राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागली. तरीही प्रकरण न्यायालयात अडकलं. १६ डिसेंबर २०२१ ला अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली.

यातली मेख नीट समजून घ्या. नुसता ठराव करून विधिमंडळाला निकाल पुसता येत नाही. निकाल ज्या कलमावर उभा असतो, ते कलम मात्र बदलता येतं. निकालाचा पाया थेट राज्यघटना असेल तर राज्याचे हात बांधलेले असतात. ५ मे २०२१ च्या मराठा आरक्षण निकालात १०२ व्या घटनादुरुस्तीचा अर्थ लावताना मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार गेला. तो परत द्यायला संसदेला १०५ वी घटनादुरुस्ती करावी लागली.

निकालपत्र शेवटच्या पानांपासून वाचा, प्रत्यक्ष आदेश तिथेच असतो. ‘पुढील आदेशापर्यंत’ असे शब्द दिसले तर तो अंतिम निकाल नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या प्रकरणांचे आदेश तिथले शोधा. सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हाताशी असला की काम सोपं होतं.

कायदा राजपत्रात पाहा. त्यात ‘अंमलात येण्याची तारीख’ वेगळी दिलेली असू शकते. अध्यादेश असेल तर अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो मंजूर व्हावा लागतो, नाहीतर संपतो. जीआर वाचताना वरचे ‘संदर्भ’ आणि ‘अधिक्रमित’ (नव्या जीआरने जुना रद्द केला, असा अर्थ) हा शब्द तपासा. जुना जीआर दाखवून काम अडवलं जातं ते याच ठिकाणी. जीआर कायद्याच्या वर जाऊ शकत नाही.

एवढं करूनही स्थानिक आदेश सापडला नाही, तर संबंधित कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज द्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा. ‘परवानगी का नाही’ असं विचारू नका; ‘कोणत्या आदेशाच्या आधारे, त्याची प्रत द्यावी’ असं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.