तिसरीचा वर्ग, दहा बाय दहाची खोली आणि घरचा अभ्यास: या चुका टाळा

रात्री साडेनऊला पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज येतो, "आज गणिताचं काय दिलंय?" पाठोपाठ एका वहीचा धूसर फोटो, मग दुसऱ्या वहीचा. एकीत पान ४२, दुसरीत पान २४. घरी मुलाला ओरडा बसतो आणि सकाळी बाई विचारतात, "अभ्यास का नाही केला?"

त्या बाई म्हणजे मी. सुरुवातीची काही वर्षं शाळा सुटायला दोन मिनिटं उरली की मी फळ्यावर गृहपाठ लिहायचे. तोवर अर्धा वर्ग दप्तर पाठीला लावून दाराकडे बघत असायचा. घरचा अभ्यास बिनसला की आपण कारण घरात शोधतो, पण बऱ्याचदा तो वर्गातच, घंटेच्या आधीच्या त्या घाईत बिनसलेला असतो.

आता गृहपाठ मधल्या सुट्टीनंतर लगेच लिहून होतो. शेजारच्याने शेजारच्याची वही मोठ्याने वाचायची, म्हणजे ४२ चे २४ तिथेच पकडले जातात. आणि पहिलं उदाहरण वर्गातच सोडवून घ्यायचं. कोऱ्या पानापुढे मूल अडून बसतं. एक गणित झालेलं असलं की पुढची हात आपोआप करू लागतो.

किती द्यायचा, हाही प्रश्न आहेच. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास. म्हणजे रोजची वीस मिनिटं. पाठ तीनदा उतरवून आणायला सांगितलं की ही वीस मिनिटं पहिल्याच पानावर संपतात, आणि मूल शिकतं ते फक्त भराभर गिचमिड लिहायला.

वर्गाच्या सवयींबद्दल थोडक्यात. जूनच्या पहिल्याच आठवड्यात पंधरा नियमांचा तक्ता लावू नका, एकही टिकत नाही. आठवड्याला एक सवय घ्या आणि ती करून घ्या, नुसती सांगू नका. पेन्सिलीला टोक काढायला मुलं खिडकीशी घोळका करत असतील तर टेबलावर टोक काढलेल्या पाच पेन्सिली ठेवा: बोथट द्या, टोकदार न्या. एकाची करंगळी वर झाली की अख्ख्या बाकाची होते. त्यासाठी दाराशी खिळ्यावर एक बिल्ला अडकवा. बिल्ला जागेवर असेल तरच बाहेर जायचं. गलका वाढला तर त्याच्याहून मोठ्या आवाजात "गप्प बसा" ओरडण्यात अर्थ नाही, वर्गाला वाटतं बाईही सामील झाल्या.

सगळ्यात जास्त डोकेदुखी होते ती संख्यांची. श्रुतलेखनात 'सव्वीस' सांगितलं की काही मुलं ६२ लिहितात आणि पालक म्हणतात, लक्षच नसतं याचं. लक्ष असतं हो! मराठीत एककाचा आवाज आधी येतो, दशकाचा नंतर. मूल ऐकतं त्याच क्रमाने लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि किती विनोद फिरले! मला स्वतःला सव्वीस, सत्तावीस हवेतच. पण तो बदल ज्या अडचणीपोटी आला ती खरी आहे.

त्याहून कठीण 'एकोण'वाले. एकोणपन्नास ऐकलं की कानात पन्नास घुमतं आणि वहीत येतं ५९. इथे दहा वेळा लिहायला लावणं ही चूक. खेळातल्या दहा-दहाच्या पाच नोटा मुलाच्या हातात द्या आणि म्हणा, "पन्नास झाले, आता मला एक रुपया परत दे." त्याला एक नोट मोडावी लागते, हातात चार नोटा आणि नऊ सुटे उरतात. त्यानंतर चार आधी का लिहायचा ते सांगत बसावं लागत नाही. फक्त नव्व्याण्णवला हा 'एकोण' चालत नाही, हे पोरं स्वतःच शोधून काढतात आणि आपल्यालाच विचारतात, का? घरी बाबा 'फोर्टीनाइन' म्हणत असतील तर म्हणू द्या. फक्त त्याच दमात एकोणपन्नासही म्हणा. बेस्टच्या बसवरचा मराठी आकडा वाचायला लावणं हा फुकटचा सराव आहे, स्टॉपवर उभं तर राहायचंच असतं.

आता घर. 'मुलाला शांत, स्वतंत्र जागा द्या' हे वाक्य कृपया पालकसभेत म्हणू नका. लालबागच्या चाळीत किंवा भांडुपच्या डोंगरावरच्या एका खोलीत टीव्ही, गॅस, आजीचं अंथरूण आणि अभ्यास एकाच जागी असतो, आणि गणपतीत मंडळाचा स्पीकरही. जागा मागण्यापेक्षा वेळ ठरवा, तीही घड्याळाने नाही, घरातल्या एखाद्या कामाला बांधून. कुकर लावला की वही उघडायची. आईची लोकल रोज वेगळ्या वेळी पोचते, पण कुकर रोज लागतो. दुपारच्या शाळेचं मूल संध्याकाळी पेंगतं, त्याला तेव्हा बसवून रडारडच होते. त्याचे पाढे सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणवून घ्या. वाचता न येणाऱ्या आजीलाही हे जमतं: तिला धडा वाचून दाखवायचा, आणि ती "मग पुढं काय झालं?" विचारते. पावसाळ्यात वही प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर जुलैत निम्मा अभ्यास शाईच्या डागात वाहून जातो.

राहता राहिलं खोडरबर. शाळेत छान दिसावं म्हणून पालक चुकलेलं उत्तर खोडतात, बरोबर सांगतात, मूल ते लिहितं. माझ्यापुढे येते स्वच्छ वही, आणि कोण कुठे अडलंय ते मला कळतच नाही. मागे एका मुलाच्या वहीत ५९ तसंच ठेवून शेजारी बाबांनी पेन्सिलने लिहिलं होतं, "बाई, इथे दोनदा अडला." दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर मी त्याला टेबलापाशी बोलावलं आणि नोटांचा डबा उघडला.