नर्सिंग, लॅब, फार्मसी करून आता एमबीबीएस करायचंय? मग आधी हे वाचा

ज्या प्रश्नावर सगळे अडून बसतात तो आधी संपवू. नीटला, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेशासाठी देशभर होणाऱ्या परीक्षेला, वयाची वरची अट नाही. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण पाहिजेत एवढंच, वरची मर्यादा 2022 मध्येच काढून टाकलीय आणि किती वेळा परीक्षा द्यायची यालाही बंधन नाही. म्हणजे तुम्ही 28 चे असा नाहीतर 36 चे, वय आडवं येत नाही. पण लगेच दुसरी बाजूही ऐका, तुमच्या डिग्रीचा, डिप्लोम्याचा, अनुभवाचा इथं एक मार्कही धरत नाहीत. एमबीबीएसला लॅटरल एंट्री नाहीच. आयसीयूत दहा वर्षं काढलेली सिस्टर असो नाहीतर बीपीटी झालेला फिजिओ, सगळ्यांना फर्स्ट इयरपासूनच, साडेचार वर्षं शिक्षण आणि वरून एक वर्ष इंटर्नशिप. कुणी एजंट म्हणला की मॅडम तुमचं डायरेक्ट सेकंड इयरला करून देतो, तर पैसे सोडा, कागदाची झेरॉक्स पण देऊ नका त्याला.

आता बारावीची मार्कशीट काढा आणि नीट बघा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्लिश पाहिजे, पीसीबीला ओपनमध्ये 50 टक्के, एससी एसटी ओबीसीला 40. डी.फार्म म्हणजे फार्मसी डिप्लोमावाल्यांपैकी बऱ्याच जणांनी बारावीला गणित घेतलेलं असतं, बायोलॉजी नसती, त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. 2023 पासून बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डाकडून बायोलॉजी जादा विषय म्हणून पास केली तरी चालतं. आर्ट्सवरून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांचं मात्र अवघड आहे, त्यांना फिजिक्स केमिस्ट्रीसकट सगळंच करावं लागतं, त्यामुळं त्यांनी घरी बसून नीट हिशोब करावा मगच उडी घ्यावी.

एक गोष्ट आपल्या सीमेवरच्या लोकांसाठी. देगलूर, बिलोली, उदगीरकडची बरीच लेकरं दहावी नाहीतर बारावी बिदर, निजामाबादला करतात. सरकारी कॉलेजातल्या राज्याच्या स्वतःच्या 85 टक्के सीटसाठी दहावी, बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि वर डोमिसाईल म्हणजे रहिवासी दाखला असं साधारण धरतात, काही अपवाद आहेत, ते राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या माहिती पुस्तिकेत वाचा. अपवादात बसला नाहीत तर सरकारी कॉलेजसाठी ऑल इंडियाच्या 15 टक्क्यांतून प्रयत्न करायचा, ते काउन्सेलिंग म्हणजे सीटवाटप वेगळं असतं, एमसीसी या केंद्राच्या समितीकडून.

परीक्षेचं सांगते. 180 प्रश्न, 720 मार्क, तीन तास, बरोबरला 4 आणि चुकलं तर 1 वजा. बायोलॉजी 360 ची, फिजिक्स केमिस्ट्री 180-180. आपल्या लाईनच्या लोकांना वाटतं बायोलॉजी तर रोजचीच आहे, आणि नेमके तिथंच मार्क जातात. लॅब टेक्निशियनचं उदाहरण घ्या. सीबीसीच्या म्हणजे रक्तपेशींच्या रिपोर्टवर रोज डब्ल्यूबीसीची, म्हणजे पांढऱ्या पेशींची नॉर्मल रेंज 4000 ते 11000 छापलेली बघतो, एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकात अकरावीच्या रक्ताभिसरणाच्या धड्यात 6000 ते 8000 दिलंय. हिमोग्लोबिन रिपोर्टवर बायकांचं वेगळं पुरुषांचं वेगळं, पुस्तकात सरसकट 12 ते 16. प्लेटलेट पुस्तकात दीड ते साडेतीन लाख, आपण साडेचारपर्यंत नॉर्मल म्हणून सोडतो. पेपरात पुस्तकातलंच धरतात, वॉर्डातलं नाही. म्हणून बायोलॉजी नव्या माणसासारखी ओळ न् ओळ वाचा, आणि जिथं कामातलं आणि पुस्तकातलं वेगळं दिसेल तिथं मार्जिनला खूण करून ठेवा. तेवढ्या खुणा शेवटच्या आठवड्यात परत बघितल्या तरी लई फायदा होतो.

खरी झुंज फिजिक्सशी आहे. इतकी वर्षं सोडून दिलेला विषय असतो, लॉग, व्हेक्टर, साधं त्रिकोणमिती पण विसरलेलं असतं, त्यामुळं पहिले दोन महिने फक्त गणिताचा पाया आणि मेकॅनिक्स, बाकी सगळं नंतर. याला शिकवणारा माणूस लागतो, ऑनलाईन चालेल. लातूरला रिपीटर म्हणजे परत परीक्षा देणाऱ्यांच्या बॅच असतात, चांगल्या असतात, पण नोकरी सोडून वर्षभर तिथं रूम करून राहायचं सगळ्यांना झेपत नाही आणि माझ्या मते गरजही नाही. फिजिक्सला मास्तर, केमिस्ट्रीला एनसीईआरटी आणि जुने पेपर, आणि दर आठवड्याला घड्याळ लावून एक पूर्ण टेस्ट. नाईट करून आल्यावर टेस्ट देऊ नका, झोपा आधी. पेपर मराठीतूनही मिळतो, मराठी मीडियमवाल्यांनी लाजू नये.

कागदांचं काम अभ्यासाच्या आधी सुरू करा, हे मी परत परत सांगते कारण मार्क असून सीट गेलेली माणसं आहेत आपल्याकडं. लग्न झालेल्या बायकांचं दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नीटचा फॉर्म, आधार, मार्कशीट यांचा मेळ आधीच घाला, नाव बदलल्याचं गॅझेट काढून ठेवा. जातीचा दाखला माहेरचा, नॉन क्रिमिलेयर आईवडिलांच्या उत्पन्नावर निघतं, नवऱ्याच्या नाही. जात पडताळणीला महिने जातात. मधल्या वर्षांसाठी गॅप सर्टिफिकेट, आणि शेवटच्या कॉलेजची ओरिजनल टीसी. काही खासगी दवाखाने स्टाफची ओरिजनल कागदं अडकवून ठेवतात, तुमची तशी असतील तर आजच मागायला लागा, प्रवेशाच्या राउंडच्या वेळी चार दिवसांची मुदत असते आणि तेव्हा कुणी साहेब भेटत नसतो.

कॉलेजचं म्हणाल तर आता मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. संभाजीनगर, बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई, नांदेड, लातूर जुनी, आणि धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली ही 2022 पासून पुढची. आधीचा 70:30 चा प्रादेशिक कोटा, म्हणजे 70 टक्के सीट त्याच विभागातल्या मुलांना, तो 2020 मध्ये गेला, म्हणजे विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्रातल्या सीटवरही आपला तेवढाच हक्क. तरी घरी लेकरं, म्हातारी माणसं असतील तर प्रेफरन्स भरताना जवळचं वर टाकायला मागंपुढं बघू नका, साडेपाच वर्षं काढायची आहेत. सरकारीतून केलं तर नंतर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड असतो, तो पण हिशोबात धरा.

पैशाचं. हजेरीची अट कडक आहे, नोकरी करत एमबीबीएस होत नाही, पगार बंद धरूनच चला, इंटर्नशिपला स्टायपेंड सुरू होईपर्यंत घर कुणाच्या कमाईवर चालणार ते आधी बोलून घ्या. मुलींना ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीमधून कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 2024 पासून शिक्षण शुल्क माफ आहे, पण प्रवेश कॅप म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या राउंडमधून झालेला पाहिजे आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाईटवर अर्ज वेळेत करावा लागतो.

राजीनामा मात्र सीट हातात आल्यावरच. सरकारी नोकरीत असाल तर परीक्षेच्या आधीच ऑफिसात नाहरकतीचा अर्ज टाका आणि आवक नंबर घेऊन ठेवा, रजेचं काय बसतंय ते आस्थापनेच्या बाबूला लेखी विचारा. आणि नर्सिंग किंवा फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बंद पडू देऊ नका, रिन्यूअल भरत राहा, फर्स्ट इयरच्या सुट्टीत महिनाभर काम करायची वेळ आली तर तेच कामाला येतं.