सुवॉनमध्ये चिकन खायला जाताना

दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही दोघांनी दोन चिकन मागवलं आणि फसलो. कोरियात प्लेटचा हिशोब नसतो, अख्खी कोंबडी तुकडे करून येते. दोघांत एकच सांगा: 'हान मारी'.

चव ठरत नसेल तर 'बानबान' म्हणा. अर्धं साधं कुरकुरीत, अर्धं यांगन्योम, म्हणजे गोचुजांग (आंबवलेल्या लाल मिरचीची कोरियन पेस्ट) आणि लसणाच्या गोडसर तिखट रसात घोळवलेलं. तिखट म्हणाल तर कोल्हापूरकराला जेमतेम गुदगुल्या. हाडं नको असतील तर 'सुनसाल'. मी नाही घेत. हाडाशिवाय कोंबडी कसली!

वेटरला हाका मारू नका, टेबलावर बेल असेल तर ती दाबा. आधी मुळ्याचे चौकोनी तुकडे येतात, व्हिनेगर-साखरेत मुरलेले. भूक लागली म्हणून ते फस्त करू नका (मी केले होते). तळणाचा तेलकटपणा तेच मारतात.

पहिला तुकडा साधाच उचला. दोनदा तळलेला असतो, त्यामुळे वरचा पापुद्रा पापडासारखा कडकन मोडतो आणि आतून भसकन वाफ येते. जीभ सांभाळा! यांगन्योमला हात लावण्याआधी प्लास्टिकचे हातमोजे मागून घ्या, नाहीतर बोटं तासभर चिकट. बिल निघताना काउंटरवर. टीप ठेवायची नाही.